बाहेरच्या खुंटीवरचा कंदील

त्या गुरुवारी जोहराबी घराबाहेर पडली ती उकंडाची रजई पोचवायला. रेडिओ ऐकायला नव्हे. बाभुळगावच्या ग्रामपंचायतीत रेडिओ येऊन दोन वर्षं झाली होती आणि दोन वर्षांत तिनं त्या भोंग्याखाली एकदाही बूड टेकलं नव्हतं. "डबा बोलते अन् माणसं मुकी बसतात, हे कोन्तं शहाणपण?" असं ती म्हणायची, आणि मोठ्यानं म्हणायची; कारण हळू बोलणं तिला कधी जमलंच नाही.

पासष्टीची बाई. पिंजाऱ्याच्या घरातली, पण आता घरात कापूस पिंजायचं पिंजण नव्हतं. गिरणीचा पिंजलेला कापूस आणायचा, रजया भरायच्या, टाके घालायचे. डोळ्यांना अजून चष्मा नव्हता. वाचायला ती पस्तिशीत शिकली, जावेच्या पोरीच्या पाटीवरून, कोणाला न विचारता. कागदावर सही ठोकताना तिची मान अशी ताठ व्हायची की पोस्टमनसुद्धा हसू दाबायचा. "अंगठा मी मेल्यावर लावा," ती म्हणायची.

पंचायतीच्या ओट्यावर वीसेक माणसं बसली होती. पऱ्हाटीच्या कापसाची वेचणी संपत आली होती. दिवस नुकताच बुडाला होता, चुलींचा धूर घरांवर अडकून राहिला होता. उकंडा चपराशी रेडिओच्या लाकडी पेटीचं कुलूप काढून बॅटरीच्या तारा पुसत होता.

"घे रे तुयी रजई. बायकोले सांग, उन्हात टाकल्याबिगर अंगावर घेऊ नको."

"बस ना बुढे. 'कुलूपबंद' लागून राह्यलं आता. भुताचं हाये. मागच्या खेपी तर आमची म्हैस दूध द्यायची थांबली."

"म्हशीले तुया हात नको असंन. भुताले काहून बोल लावतं?"

लोक हसले. जोहराबी वळली, आणि तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला.

तुंय... तुंय... तुं.

पाय तिथंच थांबले. पिंजणाच्या तांतीचा, त्याच्या ताणलेल्या दोरीचा, आवाज होता. तीस वर्षांत तो तिनं गावात ऐकला नव्हता. ती ओट्याच्या कडेला बसली. कोणी पाहत तर नाही ना, हे बघून बसली.

'कुलूपबंद' ही गोष्ट दर गुरुवारी थोडी थोडी पुढे सरकायची. कुठल्याशा गावात शेठची एक बंद खोली, त्यातून संध्याकाळी आवाज येतो, आणि शहरातला इन्स्पेक्टर त्याचा छडा लावायला येतो. या खेपेला त्याला एक म्हातारा भेटला आणि खरखरत्या आवाजात सांगू लागला: या खोलीत एक पिंजारीण कापूस पिंजत होती. हावरी बाई. काम उरकायच्या नादात अंधार पडल्यावर दिवा घेऊन आत बसली. कापसानं पेट घेतला. स्वतः जळाली, शेठचा माल जाळला, आणि आता तिचा आत्मा...

"बंद कर!" जोहराबी उभी राहिली होती. "बंद कर तो डबा, उकंडा!"

"बुढे, रंगात आलं..."

"काय रंगात आलं? कोन्या मेल्यानं लिवलं हे? पिंजारीण कापसाच्या खोलीत दिवा नेते? अरे, कापसाचा भुरा उडते खोलीत. ठिणगी त लांब, नुसती गरम काच लागली त पेटते. पिंजाऱ्याचं तान्हं लेकरू दिव्याकडे बोट दाखवून सांगंन तुमाले. अन् हा शहाणा रेडिओवर बसून सांगते का बाई दिवा घेऊन बसली! तुमी ऐकता, माना डोलवता. थुत् तुमच्या जिनगानीवर!"

उकंडानं कळ फिरवून रेडिओ बंद केला. जुन्या माणसांना कळलं होतं म्हातारी का पेटली ते. तीस वर्षांपूर्वी याच गावात, शेठच्या कापसाच्या खोलीत, जोहराबीची थोरली जाऊ हुस्नाबी अशीच जळाली होती. शेठच्या पोरीचं लग्न होतं, अकरा रजयांचा कापूस दोन दिवसांत पिंजायचा होता. गाव तेव्हाच म्हणालं, दिवा घेऊन बसली असेल. जोहराबी तेव्हापासून गावाशी भांडत होती. हुस्नाची पोरगी हजरा तेव्हा सहा वर्षांची. विहिरीवर बाया तिला म्हणायच्या, "जाळणारीची हाये." जोहराबीनं ती पोरगी पदरात घेतली, वाढवली, पुसदला दिली, आणि निरोप देताना तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "तुया मायचं नाव मी साफ करून ठेवीन." ते अजून व्हायचं होतं.

ओट्याच्या दुसऱ्या टोकाला देवीलाल बसला होता. शेठचा तेव्हाचा मुनीम, आता सत्तरी उलटलेला, काठीवर हनुवटी टेकून. हुस्ना आत असताना खोलीची कडी बाहेरून त्यानंच घातली, असं जोहराबी तीस वर्षं सांगत आली होती. जोहराबीनं जाता जाता त्याच्यासमोर थुंकलं. हे ती रोजच करायची.

"बाहेरून कडी लावणारे अजून जिते हायेत," ती म्हणाली. "त्याईची गोष्ट काहून नाही लावत डब्यावर?"

देवीलालनं काठी नुसती घट्ट धरली. तो कधीच बोलत नसे.

*

घरी येऊन तिनं कार्ड काढलं. शेजारच्या खोलीत सत्यशीला राहायची, मुलींच्या शाळेतली मास्तरीण. बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या वर्षी तिच्या बापानं घरातले सगळे देव पाण्यात सोडले आणि पोरीचं नावही नवं ठेवलं. जोहराबीला ही पोरगी आवडायची. मान खाली घालून चालत नसे म्हणून.

"शनिवारी यवतमाळले चालली ना? हे तिथल्या मोठ्या पेटीत टाक. इथला डाकवाला माही कार्डं वाचते."

सत्यशीलानं कार्ड वाचलं. मोठी, खोल दाबलेली अक्षरं. 'रेडिओवाल्यांस. तुमचा लिहिणारा गाढव आहे. पिंजारी कापसापाशी दिवा नेत नाही. हुस्नाबीने दिवा नेला नाही. पुढच्या गुरुवारी तसे सांगा, नाहीतर मी येते. जोहराबी, बाभुळगाव.'

"आजी, 'गाढव' राहू द्यायचा?"

"काहून? दुसरा शब्द हाये तुयापाशी?"

"हुस्नाबी कोण, त्यांना कसं कळणार?"

"नाही कळलं त विचारतीन. लिवायले हात हाये ना त्याईले?"

मग तिनं आपण होऊन सांगितलं, जे ती कोणाला सांगत नसे. हुस्नाच्या उजव्या अंगठ्याची गोष्ट. तांत तुटून अंगठा आडवा चिरला होता. शेठच्या चिठ्ठीवर तिचा अंगठा उमटला की मधोमध पांढरी रेघ यायची. मुनीम हसायचा, "हुस्नाबी, तुया अंगठा हजारात ओळखू येते." आणि त्या चिरलेल्या अंगठ्यामुळे तिच्या हाताचा ठेकाही वेगळा. दोन ठोके पुरे, तिसरा अर्ध्यात थांबायचा. तुंय, तुंय, तुं. चार घरं पलीकडून कळायचं, हुस्ना बसली कामाला.

"आज रेडिओवर..." जोहराबी म्हणाली आणि थांबली. असं सहसा व्हायचं नाही.

*

पुढच्या गुरुवारी जोहराबी सगळ्यांच्या आधी ओट्यावर येऊन बसली, अगदी भोंग्याखाली, पदर खोचून, भांडायच्या तयारीत. सत्यशीला तिच्याजवळ बसली. ती काहीतरी सांगायला तोंड उघडत होती, पण तेवढ्यात उकंडानं कळ फिरवली.

हवा पडली होती. निंबाचं पान हलत नव्हतं. भोंग्यातून आधी बाजारभाव आले, मग सनई, आणि मग तो ठेका.

तुंय... तुंय... तुं.

जोहराबीनं सत्यशीलाचं मनगट धरलं. मागच्या वेळी तिनं मनाची समजूत घातली होती, की सगळी पिंजणं सारखीच वाजतात. खोटं होतं ते. कोणताही पिंजारी तिसरा ठोका अर्ध्यात सोडत नाही. त्यानं कापसाच्या गाठी राहतात.

इन्स्पेक्टर बंद खोलीच्या दाराशी आला. आपल्या पुस्तकी मराठीत त्यानं विचारलं, "कोण आहे आत?"

थोडा वेळ नुसती खरखर. मग एका बाईचा आवाज आला. तो शहरी नव्हता. कोणी नटी बोली काढून दाखवते, तसाही नव्हता. चूल फुंकून घसा बसलेल्या बाईचा होता.

"दिवा म्या नाही नेला."

ओट्यावर एकदम गलका उडाला. "अरे, आपली बोली!" "ऐकलं का बुढे? तुयं कार्ड पोचलं!" उकंडानं मांडीवर थाप मारली. "रेडिओले वाकवलं बुढीनं!"

जोहराबीची मान ताठ झाली. तीस वर्षं ज्यासाठी भांडली ते भोंग्यातून, सगळ्या गावासमोर आलं होतं. तिनं ओट्याच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं. देवीलालचं डोकं खाली होतं. तिला वाटलं, आता हजराला लिहावं: पोरी, झालं.

"आजी..." सत्यशीलानं तिचा पदर ओढला. तिनं पिशवीतून वही काढली, आणि वहीतून कार्ड. "आजी, माफ करा. मला वाटलं, तो एक शब्द बदलून टाकू, मग टाकू... म्हणून ठेवलं. कार्ड माझ्यापाशीच राहिलं."

जोहराबी कार्डाकडे पाहत राहिली. तिचीच अक्षरं. गाढव. हुस्नाबी. जोहराबी, बाभुळगाव.

त्याच वेळी पेटीतला बारीक उजेड विझला आणि भोंगा बंद पडला. "गेली बॅटरी!" उकंडा ओरडला. "ऐन टायमाले!" लोक कुरकुरले, पाय मोकळे करू लागले, बिड्या पेटल्या. उकंडानं तारा काढून हातात घेतल्या आणि त्यांच्यावर फुंकर मारली.

जोहराबीला मात्र अजून ऐकू येत होतं.

तारा उकंडाच्या हातात होत्या... आणि भोंग्यातून ठेका चालू होता. तुंय... तुंय... तुं. मग ठेका थांबला. लाकडावर लोखंड पडल्याचा आवाज झाला.

खट.

तिचा उजवा हात मांडीवरून उचलला गेला. तिनं उचलला नाही, तो उठला. अंगठा आणि दोन बोटं जुळली, हात थोडा वर गेला, डावीकडे वळला आणि खाली आला. बाहेरून कडी घालताना वळतो तसा.

"आजी, काय करता हे?"

जोहराबी आपल्या हाताकडे पाहत होती. पिंजायच्या खोलीची कडी बाहेरून घालायची, ही त्यांच्या घराची रीत. दार वाऱ्यानं उघडलं तर पिंजलेला कापूस अंगणभर उडतो. म्हणून एक जण आत बसतो आणि दुसरा जाता जाता बाहेरून कडी घालतो. लग्न होऊन आल्यापासून ती रोज घालत आली. घालताना हाताला डोक्याची गरज लागत नसे.

"जोहरा," भोंगा म्हणाला, अगदी हळू, नुसत्या तिलाच. "बाकीचं...?"

आणि मग म्हातारी कडाडली. ओट्यावरची माणसं दचकून वळली. त्यांना दिसलं ते एवढंच, की जोहराबी बंद भोंग्याकडे बोट रोखून उभी आहे.

"सांगतो! कायले हळू विचारतं? चोरून काहून विचारतं? चारचौघात विचार! हो, दिवा म्या आणला. अंधार पडला, काम उरलं होतं, म्हणून कंदील घेऊन गेली. तू आतून ओरडली, 'मांगं ने त्याले.' म्या नाही नेला. बाहेरच्या खुंटीवर टांगला, फटीतून उजेड जाईन म्हणून. काच तडकली होती त्याची, मले माहीत होतं. अन् वारा सुटला होता, म्हणून..." तिनं उजवी मूठ पदरात दाबली. "म्हणून कडी घातली. रोजच्यासारखी. अन् घरी जाऊन भाकरी टाकल्या म्या. भाकरी! ऐकलं? समाधान झालं? तीस वर्षं त तूही मुकी होती!"

कोपऱ्यात कोणाची तरी बिडी विझली.

जोहराबी ओट्याच्या दुसऱ्या टोकाशी गेली. देवीलालसमोर उभी राहिली. रोज जिथं थुंकायची, तिथंच.

"तुयं नाव घेतलं म्या. तीस वर्षं. काढ चप्पल, मार."

देवीलालनं मान वर केली. डोळ्यांत मोतीबिंदूचा पडदा आला होता. "मले माहीत होतं," तो म्हणाला. "दुकानाच्या पायरीवर बसलो होतो. तुले कडी घालताना पाह्यलं होतं."

"पाह्यलं?" जोहराबीचा आवाज चिरकला. "पाह्यलं अन् गप बसला? रोज तोंडावर थुंकली मी तुया! काहून नाही बोलला, मेल्या?"

"बोललो असतो त हजराले कोनं वाढवलं असतं?"

जोहराबीनं पदर झटकला. ती तरातरा घराकडे निघाली.

*

सत्यशीला तिला दारापर्यंत सोडायला आली. "मी थांबू का आजी?"

"कायले? म्या काय तान्हं हाये? जा, जेव."

ती आत आली. रॉकेलची चिमणी लावली, भरायच्या रजईपासून लांब, कोनाड्यात ठेवली. कोरं कार्ड घेतलं आणि पाटावर बसली. हजराला लिहायचं होतं. ओट्यावर ओरडणं सोपं होतं. गाव काय, आज ऐकेल, उद्या विसरेल. हजराला मात्र हे कळलं की ती 'चाची' म्हणणार नाही, पुन्हा या घराची पायरी चढणार नाही. उरलेलं एकच माणूस.

'हजरास. तुझ्या मायने दिवा नेला नाही. कंदील मी नेला. खुंटीवर मी टांगला.'

इथं तिचा हात थांबला. एवढं पुरे, तिला वाटलं. कंदील वाऱ्यानं पडला असं म्हणता येईल. दार आतून अडकलं असेल असं पोरीला वाटलं तर वाटू दे. एवढं तरी माझ्याजवळ राहू दे. तिनं खाली सही करायला टाक टेकवला.

खट.

बाहेरून कडी पडली.

"सत्यशीला?" उत्तर नाही. पोरीच्या खोलीतून भांड्याचा आवाज येत होता, भिंतीपलीकडून. जोहराबी उठली, दार ढकललं. दार हललं नाही.

मग दाराच्या खालच्या फटीतून उजेड आला... पिवळा, डुलणारा. बाहेरच्या खुंटीवर कोणी काही टांगावं आणि ते वाऱ्यावर हलावं, तसा. आणि हवा तर पडलेली होती. गरम काचेचा वास आला. मागे रजईचा कापूस होता, मोकळा, न शिवलेला.

ती दाराला पाठ लावून उभी राहिली. आवाज तिनं कापू दिला नाही.

"हुस्ना... भाभी... सगळं बोलली ना मी चारचौघात? आता कायले?"

उजेड डुलत राहिला.

"लिवतो," जोहराबी म्हणाली. "लिवतो बापा. घाई काहून करतं?"

पाटावर बसून तिनं उरलेली ओळ लिहिली. 'कडी बाहेरून मीच घातली.' खाली सही केली, ठसठशीत, पूर्ण नावाची. मग उठून कोनाड्यातली चिमणी फुंकली.

फटीतला उजेडही विझला. थोड्या वेळानं कडी निघाल्याचा आवाज आला. तो तिनं नीट ऐकला, कारण त्या दिवशी हाच आवाज आतून कोणीतरी ऐकायला आसुसलं असेल. ती रात्रभर कार्ड छातीशी धरून पडून राहिली.

*

सकाळी सत्यशीला शाळेला निघाली तेव्हा जोहराबी उंबऱ्यात बसली होती. डोळे लाल, मान ताठ.

"हे तरी टाकशीन ना पेटीत? का यातलेही शब्द बदलायचे हायेत?"

सत्यशीला ओशाळली. कार्ड घेतलं. जोहराबीनंच मान हलवून वाचायला सांगितलं म्हणून तिनं ते उभ्या उभ्या वाचलं, आणि वाचता वाचता तिचे डोळे भरले. मग तिनं कार्ड उजेडाकडे धरलं.

"आजी, तुम्ही तर सही करता ना?"

"मंग? दिसत नाही का? आंधळी झाली?"

"सही आहे. पण सहीच्या खाली..." तिनं कार्ड पुढे केलं. "हा अंगठा कोणाचा?"

जोहराबीनं पाहिलं. काजळीचा ठसा होता. काजळी अजून ताजी होती, सत्यशीलाच्या बोटाला लागली होती. ठशाच्या मधोमध आडवी पांढरी रेघ होती.

जोहराबीनं पदराचं टोक पुढे केलं. सत्यशीलाला वाटलं, आता ठसा पुसणार. तिनं पोरीचं बोट तेवढं पुसलं, दोनदा, जोर लावून.

"टाक पेटीत," ती म्हणाली. "अन् खाडाखोड करू नको."